पाऊण ब्रास वाळू

एका माणसाच्या अंगणात मी पाऊण ब्रास चुकीची वाळू पुरली, आणि ती चुकीची आहे हे कळल्यावरही गप्प बसलो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, कारखान्यातल्या मित्रांना नाही, बायकोलाही नाही. बायकोला वाटतं मला पावसाळा सोसत नाही. जोराची सर आली की मी उठून खिडकीशी जातो, खाली पाणी कुठे साचतंय ते बघतो आणि परत येऊन बसतो. ती म्हणते, जुन्या घरमालकांचं वारं लागलंय तुम्हाला. मी हसतो. दरवेळी हसतो.

तेच ते घरमालक. नाव लिहीत नाही. त्यांची परवानगी घेण्याची वेळ मी केव्हाच घालवली आहे. कॉलनीत सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचो. नव्वदीच्या दशकात मी नाशिकला सातपूरच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर म्हणून लागलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली. खोली बघायला गेलो तेव्हा भिंतीकडे बोट करून मी विचारलं की ही अंदाजे दहा फूट असेल ना, पलंग बसेल ना. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अंदाजे हा शब्द या घरात चालत नाही. नऊ फूट साडेदहा इंच."

खोली मिळाली. पण त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. 'अहो वरचे' हीच हाक. टपाल आलं तर अहो वरचे, नळाला पाणी आलं तर अहो वरचे. पुढे माझं लग्न झाल्यावर बायकोला 'वरच्या वहिनी' म्हणायला लागले.

ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी एकाच कामावर काढली होती. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे, मापात असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर बाजूला काढायचे. आकाशातून विमान गेलं की हातातलं काम थांबवून मान वर करायचे आणि म्हणायचे, त्यात माझा शिक्का आहे. काकू आतून सांगायच्या, सगळ्यात नसतो हो, ते प्रवासी विमान होतं.

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी. भाकरीची जाडी मोजलेली मी स्वतः पाहिली आहे. काकूंचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं, की आमच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते तेव्हा हे अंतरपाटाची उंची मोजत असणार, म्हणून तर माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या तरी यांना कळलं नाही. काका हे ऐकून घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, अंतरपाट तिरका धरला होता.

निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते पाऊस मोजायला लागले असावेत. असं मला वाटतं. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते आधीपासूनच वेड होतं, फक्त कंपनीची बस गाठायची असायची म्हणून दबून होतं. गच्चीच्या कठड्यावर त्यांनी सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा सिमेंटमध्ये बसवला होता. पाऊस थांबला की वर यायचे, पट्टी बुडवायचे, वहीत लिहायचे. भर पावसातही यायचे. छत्री असायची, पण ती वहीवर धरलेली. स्वतः भिजायचे.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. कॉलनीत बारा बंगले. कोणाचं छप्पर किती चौरस फुटांचं आहे हे त्यांना पाठ. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर प्रत्येकाच्या दाराला एक चिठ्ठी अडकवलेली असायची. 'आपले छप्पर बाराशे चौ. फूट. कालचा पाऊस एक इंच. आपल्या छपरावर पडलेले पाणी दोन हजार आठशे बत्तीस लिटर. पैकी गटारात सोडले, दोन हजार आठशे बत्तीस.' खाली सही. लोक हसायचे. समोरच्या बंगल्यातले गृहस्थ, कॉलनीचे सेक्रेटरी, एकदा त्यांना म्हणाले की काका, वीजबिलासारखं हेही दर महिन्याला पाठवत चला, भरू आम्ही. काका म्हणाले, भरायचं नाहीये, जिरवायचं आहे.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "पाण्याला पत्ता द्यावा लागतो. नाही दिला तर ते विचारत विचारत जातं, आणि वाटेत ज्याचं दार उघडं त्याच्या घरात शिरतं." आमच्या गल्लीच्या उताराला ते अगदी लागू होतं. वरच्या सगळ्या छपरांचं पाणी रस्त्याने वाहत खाली यायचं, खालच्या टोकाला साचायचं आणि तिथल्या दोन घरांत घुसायचं. तेच पाणी उन्हाळ्यात बोअरला नसायचं. जूनमध्ये बादल्या घेऊन टँकरमागे धावणारे आम्ही, जुलैत घरातलं पाणी सुपलीने बाहेर काढायचो. काका हे सगळ्यांना समजावून सांगायचे. सगळ्यांना पटायचं. करायचं कोणी काही नाही.

परदेशात गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना कसल्याशा मासिकाचं कात्रण पाठवलं. तिकडे काही लोक घरापुढे उथळ खोलगट बाग करतात, छपराचं पाणी नळीने तिथे आणून सोडतात, झाडांच्या मुळांतून ते दिवसभरात जमिनीत उतरतं, वरची घाण मातीतच गाळली जाते. काकांनी ते कात्रण पंधरा दिवस खिशात बाळगलं. इंग्रजीत तिला काय म्हणतात ते सांगायचे आणि लगेच मराठीत 'पावसाची बाग' म्हणायचे. कॉलनी म्हणायची, खड्डा.

खड्ड्याच्या आधी त्यांनी मातीची परीक्षा घेतली. अंगणात एक छोटं भोक खणून पाणी भरायचं, आणि घड्याळ लावून ते किती वेळात उतरतं ते बघायचं. वरची काळी माती पाणी धरून बसायची. पण अडीच फुटांवर मुरूम लागला आणि तिथे पाणी तासाला दीड इंच उतरायला लागलं. तो दिवस मला आठवतो. गुडघे मातीने भरलेले, चष्मा घामाने खाली आलेला, आणि मला हाक, "अहो वरचे, लवकर या. जमीन पाणी पितेय." मी खाली जाऊन बघितलं. भोकातलं पाणी खाली जात होतं. त्यात एवढं काय, हे मला कळलं नाही. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की मी 'वा' म्हणालो.

कोपऱ्यावर एक घर होतं, फुलांचा व्यवसाय करणाऱ्यांचं. मखमलाबादकडे त्यांचा मळा होता आणि पहाटे ते बाजारात फुलं द्यायचे. त्या घरच्या बाईंना आम्ही फुलवाल्या वहिनी म्हणायचो. सगळ्या कॉलनीत काकांचं बोलणं त्यांनी एकट्यांनीच मनावर घेतलं. त्यांना माती कळत होती. काकांनी त्यांच्या अंगणात खड्डा आखून दिला, त्यांच्या नवऱ्याने मळ्यावरून गडी आणून दोन दिवसांत खणला, दारणा नदीची धुतलेली वाळू टाकली, वर शेणखताची माती, मधे कर्दळ आणि वाळा, कडेने गवती चहा. काकांच्या आधी त्यांचाच तयार झाला. काकांचा अडला होता, कारण ते प्रत्येक थर पट्टीने तपासत होते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिचा पुढच्याशी संबंध आहे की नाही, हे मला आजही नक्की ठरवता आलेलं नाही. त्याच महिन्यात मुलीकडचे माझी खोली बघायला आले होते. म्हणजे आता जी माझी बायको आहे तिचे वडील आणि मामा. काकांनी त्यांना जिन्यातच गाठलं, खड्ड्याजवळ नेलं आणि अर्धा तास पाऊस समजावून सांगितला. वर येईपर्यंत चहा निवला. जाताना मामांनी सहज विचारलं की मुलगा कसा आहे. काकांनी विचार केला. कोणाबद्दलही विचार केल्याशिवाय ते बोलायचे नाहीत. म्हणाले, मुलगा चांगला आहे, सरळ आहे, पण अंदाजे बोलतो. मामा हसले, सासरेही हसले, लग्न ठरलं. पण मला ते लागलं. किती लागलं, हे त्या वेळी मला कळलं नव्हतं. नंतर खूपदा मी स्वतःला विचारलं आहे की वाळूच्या वेळी ते वाक्य माझ्या डोक्यात होतं का. कधी वाटतं होतं. कधी वाटतं, आळसाला आपण उगाच मानापमानाचं कारण देतो.

मे महिना संपत आला होता. काकांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण पुण्याला होतं आणि काका-काकूंना जावं लागलं. खड्डा खणून झालेला, तळाला खडीही पडलेली. दहा फूट बाय दहा फूट, त्यावर नऊ इंच वाळू. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा पाऊण ब्रास. निघताना त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं. एका ट्रकवाल्याला सांगून ठेवलं होतं. नदीची वाळू हवी, चाळलेली, धुतलेली. पारख कशी करायची तेही शिकवलं. मूठभर वाळू काचेच्या बरणीत घालायची, पाणी ओतायचं, झाकण लावून हलवायचं आणि ठेवायची. शंभर अंक मोजेपर्यंत पाणी निवळलं तर वाळू चांगली. गढूळ राहिलं तर परत पाठवायची. "एवढंच तुमच्याकडे, वरचे. बाकी सगळं मी आल्यावर." रिक्षात बसल्यावर पुन्हा मान बाहेर काढून म्हणाले, "शंभर. नव्वद नाही."

ट्रकवाला आला नाही. उद्या म्हणाला, मग परवा म्हणाला. माझी सेकंड शिफ्ट चालू होती. त्र्यंबकच्या बाजूने ढग धरायला लागले होते. काका चार दिवसांत परतणार होते आणि उघडा खड्डा पावसाने भरला असता तर कडा ढासळल्या असत्या. त्याच दिवशी कारखान्याच्या गेटवर वापरून झालेली वाळू भरून ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. ड्रायव्हर आमच्याच बाजूचा. मी विचारलं, तो म्हणाला साहेब, कुठेतरी ओतायचीच आहे, तुमच्या दारात ओततो.

फाउंड्रीची वाळू काय असते ते थोडं सांगतो. वितळलेलं लोखंड ओतायला वाळूचे साचे करतात. नुसत्या वाळूचा साचा उभा राहत नाही, म्हणून तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमातीची पूड आणि कोळशाची भुकटी मिसळतात. पूड पाणी पिऊन फुगते, वाळूचा कण न् कण धरून ठेवते. शेततळ्यातून पाणी झिरपू नये म्हणून तळाला टाकतात ती याच जातीची माती. वापरून वापरून वाळू काळी पडते, पण तो चिकटपणा तिच्यात राहतो. आणि मी त्या कारखान्यात कशाचा सुपरवायझर होतो? वाळूचा. रोज सकाळी मूठ दाबून बघायचो की चिकटपणा पुरेसा आहे ना. मला कोणी मध्यरात्री उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की ही वाळू पाणी सोडत नाही.

मग मला माहीत होतं का? माहीत होतंच. आणि ट्रॉली रिकामी होताना मी तिथे उभा होतो आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की वाळू ती वाळू, काम झालं. कारखान्यातलं सगळं ज्ञान मी गेटवर कार्डाबरोबर पंच करून ठेवून येत असेन. याहून नीट मला सांगता येत नाही. इतकी वर्षं मी हेच उलगडायचा प्रयत्न करतोय. माहीत असलेल्या माणसाला माहीत नसणं कसं जमतं?

वाळू पसरून झाली. काळीभोर दिसत होती. म्हणून शेजारच्या बांधकामावरून चार पाट्या पिवळी वाळू मागून आणली आणि वर पातळ थर दिला. हे मी कशासाठी केलं? कोणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, दिसायला बरं. मग खोलीत जाऊन हातपाय धुतले आणि काकांनी दिलेली बरणी समोर दिसली. खाली गेलो. काळी वाळू मूठभर उकरून घेतली, पाणी ओतलं, हलवलं, ठेवली. शंभर मोजले. तीनशे मोजले. पाणी काळंच. सकाळी उठून पाहिलं तरी काळंच. तेव्हा मला माहीत होतं. त्या सकाळनंतर कसलाही गोंधळ नाही. दोन मजूर आणि एक दिवस, एवढ्यात सगळं उपसून निघालं असतं. मी बरणी घासून जागेवर ठेवली.

काका आले, नातवाच्या जन्माचे पेढे दिले आणि लगेच खड्ड्याकडे गेले. काठापासूनची खोली मोजून नऊ इंच तपासले. मग मला विचारलं, "किती अंकांना निवळलं?"

मी म्हणालो, "ऐंशी."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वहीत लिहिलं. पुढे मी ती वही पाहिली. तारखेपुढे 'वाळू, ८०, वरच्यांनी स्वतः तपासली' असं होतं. त्यावर माती पडली, कर्दळ लागली, वाळा लागला. छपराचा पाईप त्यांनी स्वतः वळवून आणला. दहा दिवसांनी पाऊस आला. शाळेच्या निकालाची वाट बघावी तसे ते दरवाजात उभे होते.

पाणी बागेत आलं, भरलं आणि तिथेच राहिलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, पहिलंच पाणी आहे, वरची माती फुगली असेल, वेळ लागेल. दुसऱ्या दिवशी दर तासाला पट्टी बुडवून पाहिली. तिसऱ्या दिवशी फुलवाल्या वहिनींकडे जाऊन आले. त्यांच्या अंगणात खड्डा रिकामा, कर्दळीला नवी पानं. वहिनी मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काकांना काय झालं हो? आमच्या खड्ड्याशी उभं राहून घड्याळ बघत होते. आमचा लय पितो. रात्री भरला का सकाळी मोकळा."

तीच गल्ली, तीच माती, तेच माप, तोच पाऊस. काकांच्या वहीत आकडेच आकडे झाले. छपराचं क्षेत्रफळ पुन्हा मोजलं. उतार पुन्हा मोजला. मुरमाची परीक्षा घेतली होती ते भोक नेमकं कुठे होतं यावर काकूंशी वाद घातला. भोक दोन फूट डावीकडे असेल तर खाली खडकाची कपार असू शकते, असा एक शोध लावला. रोज जेवताना नवं कारण. काकू मला म्हणाल्या, हे झोपेत आकडे बोलायला लागलेत.

एका सकाळी मी कामावर निघालो होतो आणि ते पहार घेऊन खड्ड्यापाशी उभे होते. मला बघून म्हणाले, "वरचे, मला वाटतं एकदा खाली बघावं. वाळूपर्यंत."

पहार एक फूट खाली गेली असती तरी काळं वर आलं असतं. मी म्हणालो, "काका, वाळ्याची मुळं आत्ता धरतायत. तुम्हीच म्हणाला होता, पहिल्या वर्षी मुळांना हात लावायचा नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. म्हणालो होतो." आणि पहार भिंतीला टेकवून ठेवली.

वाळूपेक्षा मला हे जास्त छळतं. वाळू आळसाने पडली असं म्हणता येईल. हे वाक्य मी विचार करून बोललो होतो.

पुढचं लवकर झालं. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या. सेक्रेटरींच्या मुलीला मलेरिया झाला. तो त्याच पाण्यातल्या डासाने झाला का, कोणाला सांगता येणार? मागच्या रिकाम्या प्लॉटवर आणखी चार डबकी होती. पण पालिकेचा माणूस आला, त्याने पळीने पाणी काढून पांढऱ्या बशीत ओतलं आणि वळवळणाऱ्या अळ्या सगळ्यांनी पाहिल्या. कॉलनीची मीटिंग झाली. मी सेकंड शिफ्ट आहे असं सांगून गेलो नाही. शिफ्ट फर्स्ट होती.

मीटिंगमध्ये काकांनी वाद घातला नाही, असं मला वहिनींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुरूम मागवला आणि स्वतः घमेल्याने टाकून खड्डा बुजवला. मजूर लावला नाही. वाळा उपटून वहिनींना देऊन टाकला. मी मदतीला गेलो. घमेली मीही उचलली. काळ्या वाळूवर माती, मातीवर मुरूम, वरून चोपणं. प्रत्येक घमेल्यागणिक मला हलकं वाटत होतं. हेही लिहायला हवं म्हणून लिहितो.

त्यानंतरच्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बारा घरी गेले. दारातूनच बोलायचे, आत बसायचे नाहीत. प्रत्येकाला सांगायचे की मी तुम्हाला एक सल्ला दिला होता, तो मागे घेतो, माझं माप चुकलं, त्रास झाला त्याबद्दल माफ करा. सेक्रेटरींच्या मुलीला त्यांनी सफरचंदं नेली. सेक्रेटरी ओशाळले, काका तुम्ही कशाला, म्हणाले. वहिनींना त्यांनी खड्डा बुजवून टाका असं सांगितलं. वहिनी ऐकेनात. "काका, तो पितोय ना. मंग बुजवायचा कशापायी?" काका म्हणाले, तुमचा योगायोगाने पितोय.

सगळ्यात शेवटी ते वर आले. माझ्या दारात उभे राहिले. नवं लग्न झालेलं, बायकोने या म्हटलं, ते आत आले नाहीत.

"वरचे, तुम्ही उन्हातान्हात माझ्यासाठी वाळू आणलीत, थर दिलात, घमेली उचललीत. माझ्या चुकीत तुमचे श्रम गेले. माफ करा मला."

मी म्हणालो, "काका, असू दे."

हेच शब्द. असू दे. बायको नंतर म्हणाली की किती मोठ्या मनाने बोललात तुम्ही.

चिठ्ठ्या बंद झाल्या. डबा कठड्यावर राहिला, त्यात पावसाचं पाणी भरायचं आणि उन्हाने आटायचं. लोक त्यांना हसेनासे झाले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. एकदा खालच्या कुंपणाला जाळी मारायची होती. मी विचारलं, काका किती फूट लागेल. ते कुंपणाकडे बघून म्हणाले, "असेल अंदाजे तीस." काकूंनी हातातली कणीक तशीच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही माहीत होतं असं मी म्हणत नाही. पण मी मान खाली घातली.

दोन हजार साल उलटल्यावर मी पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेतला आणि तिथून निघालो. भेटी सणासुदीच्या झाल्या, मग लग्नकार्याच्या. दरवेळी जाताना मनात ठरवलेलं असायचं. एकदा तर पायऱ्यांवर थांबून वाक्य जुळवलं. आत गेलो तर ते म्हणाले, या वरचे, आणि पेपर बाजूला ठेवून माझ्या मुलीची चौकशी करायला लागले, आणि ते वाक्य चहाबरोबर खाली गेलं. काही वर्षांनी ते गेले. हृदयाचं होतं. दहाव्याला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, मी होतो. फुलवाल्या वहिनी शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, त्यांच्यामुळं आमचं बोअर उन्हाळ्यातबी चालतं, पण त्यांना ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

काकू नंतर पुण्याला गेल्या. आता त्यांची मुलगी आणि जावई नाशिकला बदलून आलेत आणि त्याच घरात राहतात. यंदाच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. पावसाचं पाणी अंगणात साचतं, एकदा उंबरठ्यापर्यंत आलं, बोअर मात्र मार्चलाच कोरडं पडतं. कोपऱ्यावरच्या मावशींनी, म्हणजे आमच्या फुलवाल्या वहिनींनी, तिला सांगितलं होतं की तुझ्या बाबांसारखी बाग कर. जावयाचं म्हणणं की सगळं अंगण काँक्रीट करून पाणी थेट गटारात काढून द्यावं. ठेकेदाराने दिवाळीनंतरची तारीख दिली होती. ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा तिथे होता ना, म्हणून विचारते. बाबांचं माप खरंच चुकलं होतं का?"

मी म्हणालो, बरीच वर्षं झाली, आठवून सांगतो.

ती दोनदा पुन्हा विचारून झाली आहे. दिवाळीला तीन आठवडे आहेत. काकांना सांगायची वेळ गेली. ती मी घालवली, त्याला आता इलाज नाही. पण त्यांच्या मुलीच्या दारात उभं राहून, फोनवर नाही, माझ्या तोंडाने हे सांगायचं अजून बाकी आहे की तुझ्या बाबांचं माप बरोबर होतं आणि वाळू मी चुकीची टाकली. आणि ती मुरमाखालची वाळू माझ्या हातांनी उपसून काढायची आहे. एवढं मी त्या घराचं देणं लागतो. आजपर्यंत त्यातलं काहीही दिलेलं नाही.